साप दिसल्यावर काय करू नये

मुलगा किंवा मुलगी ऑस्ट्रेलियाला निघाली की नातेवाइकांच्या प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. पगार किती, घर केवढं, आणि तिकडे साप फार असतात ना? तिसरा प्रश्न विचारताना डोळ्यांत जी चमक येते ती पगाराचा आकडा ऐकूनही येत नाही. ऑस्ट्रेलियाने जगाला लोकर दिली, कोळसा दिला, क्रिकेटपटू दिले. पण सर्वांत जास्त खप झाला तो तिथल्या भीतीचा, कारण तिला जहाजभाडं लागत नाही. जमिनीवरच्या सापांत जगातलं सर्वांत जहाल विष तिथल्या सापाचं, दुसऱ्या क्रमांकाचं तिथल्याच दुसऱ्याचं, आणि तिसरा मान मिळवणाराही परगावचा नाही. ही यादी ऐकली की तिथली माणसं पलंगावर उभं राहून जेवत असावीत असं वाटू लागतं. प्रत्यक्षात सर्पदंशाने ऑस्ट्रेलियात वर्षाला सरासरी दोन माणसं दगावतात. सव्वादोन-अडीच कोटींच्या पुढे लोकसंख्या, शंभराच्या आसपास विषारी सापांच्या जाती, आणि मृत्यू दोन. हे कसं काय जमलं, याचं उत्तर शौर्यात सापडत नाही, साप मारण्याच्या मोहिमांत सापडत नाही आणि निव्वळ औषधांतही पुरतं सापडत नाही. माझं म्हणणं असं, की या यशाचा मोठा वाटा एका बदनाम गुणाकडे जातो, तो म्हणजे काहीही न करण्याचा. आळस म्हणून ज्याला आपण लहानपणापासून नावं ठेवली, तो नीट शिकवला, त्याला कायद्याचा आधार दिला आणि एका रुंद पट्टीची जोड दिली, की तो माणसं वाचवतो.

आधी त्या जहालपणाच्या यादीकडे पाहू. विष किती जहाल हे ठरवायची प्रयोगशाळेतली रीत अशी, की उंदरांना विष टोचायचं आणि किती मात्रेत निम्मे उंदीर मरतात ते मोजायचं. ज्या विषाची मात्रा सर्वांत कमी पुरते ते सर्वांत जहाल. या मोजमापात पहिला नंबर इनलँड तायपानचा. त्याच्या एका दंशातलं विष शंभर माणसांना पुरेल, असा हिशेब नेहमी सांगितला जातो. हिशेब ऐकून अंगावर काटा येतो. पण मोजमाप उंदरांवर झालं होतं आणि काटा त्यांच्या अंगावर यायला हवा, हे कोणी सांगत नाही. हा साप क्वीन्सलँडच्या नैर्ऋत्येला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, उन्हाने भेगाळलेल्या चिकणमातीच्या मैदानात राहतो, भेगांमधल्या उंदरांवर पोट भरतो आणि माणसांच्या भानगडीत पडत नाही. १८७९ साली फ्रेडरिक मॅककॉय यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली, आणि त्यानंतर सुमारे नव्वद वर्षं तो अभ्यासकांना सापडलाच नाही. १९७२ साली जेनेट कोवासेविच आणि चार्ल्स टॅनर यांनी त्याला पुन्हा हुडकून काढलं. मधली नव्वद वर्षं जगातला सर्वांत विषारी साप आणि विज्ञान यांची गाठ पडली नाही, आणि त्यामुळे दोघांपैकी कोणाचंही काही अडलं नाही. या सापाच्या दंशाने माणूस मेल्याची नोंद आजवर नाही. ज्यांना तो चावला ते जवळजवळ सगळे त्याला हाताळणारे, पाळणारे किंवा त्याचा अभ्यास करणारे होते. म्हणजे चावून घेण्यासाठीसुद्धा आधी बरेच कष्ट घ्यावे लागतात.

यावर कोणी म्हणेल, की ओसाड माळावरचा साप सोयीचा म्हणून निवडला. परसातल्या सापाचं काय? रास्त आहे. ऑस्ट्रेलियात सर्वांत जास्त बळी घेणारा साप ईस्टर्न ब्राउन, म्हणजे पूर्वेकडचा तपकिरी साप. हा खरोखरच शेजारी आहे, आणि त्याला शेजारी माणसानेच केलं आहे. युरोपातून आलेल्यांनी गहू आणला, गव्हाबरोबर उंदीर आणले, उंदरांना राहायला गोदामं बांधली आणि गोदामांमागे पन्हळी पत्र्यांचे ढीग रचून ठेवले. खाली ऊब, आत अंधार, समोर धान्याची कोठी आणि कोठीत ताजे उंदीर: एवढी सोय केल्यावर साप आला म्हणून ओरडणं हा यजमानधर्म नव्हे. पण हा साप तरी दिसेल त्याच्या अंगावर जातो का? लोकांचं उत्तर ठाम असतं: तो पाठलाग करतो. १९९० च्या दशकात पॅट्रिक व्हिटेकर आणि रिचर्ड शाईन या संशोधकांनी न्यू साउथ वेल्सच्या शेतीभागात हे प्रत्यक्ष तपासलं. माणूस मोकळ्या रानातल्या तपकिरी सापाजवळ गेला की साप काय करतो, हे त्यांनी ४५५ वेळा पाहून नोंदवलं. साप माणसाच्या दिशेने पुढे आला असे प्रसंग शंभरात तीनसुद्धा भरले नाहीत, आणि त्यांतही खरी चाल करून येणं आणखी दुर्मीळ. बाकीचे निघून गेले, नाहीतर जागचे हलले नाहीत. सापाच्या बाजूने पाहिलं तर यात नवल नाही. विष बनवायला शरीर खर्ची पडतं, ते शिकारीसाठी राखलेलं असतं, आणि समोर उभा असलेला ऐंशी किलोचा प्राणी गिळता येणार नाही एवढा व्यवहार त्याला कळतो. जो खाता येत नाही त्याच्यावर विष उधळणारा साप फार पिढ्या टिकला नसता.

मग दंश होतात ते कोणाला? काही बिचारे खरोखरच निर्दोष असतात. गवतातून चालताना पाय पडला, बागेत पालापाचोळा उचलताना हात पडला, अंधारात दिसलं नाही. पण दंश झालेल्यांमध्ये पुरुष बायकांपेक्षा बरेच जास्त असतात, आणि त्यांच्यात साप पकडायला किंवा मारायला गेलेल्यांची संख्या नजरेत भरण्याइतकी असते. हात दाखवून अवलक्षण ही म्हण ज्याने केली त्याने ऑस्ट्रेलियातला शनिवारचा दुपारचा पुरुष पाहिला नसेल, तरी ओळखला होता. साप आपल्या वाटेने कुंपणाखालून चाललेला असतो, त्याला जायला अजून अर्धा मिनिट लागणार असतं, आणि एवढ्यात कोणीतरी फावडं घेऊन येतं. फावड्याची लांबी आणि सापाची झेप यांच्यातला फरक मोजण्याची ही वेळ नसते, हे नंतर अतिदक्षता विभागात कळतं. म्हणून तिथला कायदा शहाणा आहे. देशी साप हे संरक्षित वन्यजीव आहेत. व्हिक्टोरिया राज्यात १९७५ चा वन्यजीव कायदा आहे, इतर राज्यांत त्यांचे त्यांचे आहेत, आणि साप मारणं साधारणपणे गुन्हा ठरतं. वरवर हा कायदा सापाच्या बाजूचा दिसतो. त्याचा जास्त फायदा फावडेवाल्यांना होतो. आपली म्हण सापही मरावा आणि काठीही मोडू नये असं सांगते. तिथला कायदा म्हणतो काठी उचलूच नका, म्हणजे दोन्ही प्रश्न मिटले.

घरात साप शिरला तर काय करायचं, यालाही उत्तर ठरलेलं आहे: माणसं आणि कुत्री बाहेर काढा, त्या खोलीचं दार लावा, दाराखालच्या फटीत टॉवेल खुपसा आणि परवानाधारक सर्प पकडणाऱ्याला फोन करा. आपल्याकडे सर्पमित्र असतो, तो बहुतेकदा विनामूल्य येतो आणि त्याच्याबरोबर अर्धी आळी येते. तिथला येतो तो पैसे घेऊन आणि एकटा. साप पाहायला गर्दी जमवण्याचा आनंद ऑस्ट्रेलियन माणसाला माहीत नाही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ही त्याची मोठी कमाई आहे. पुष्कळदा तर आलेला तज्ज्ञ पाहतो आणि सांगतो की हा साप नाहीच. निळ्या जिभेची जाडजूड सरड, ब्लू-टंग, बिळातून तोंड काढून बसली आहे आणि बागेतल्या गोगलगायी खाऊन मालकाची सेवा करते आहे. साप साप म्हणून भुई धोपटताना या सेवेकऱ्यांचे किती प्राण गेले असतील, कोण जाणे.

आता इतिहासाकडे येतो, कारण काहीही न करण्याचं मोल कळायला काहीतरी करणाऱ्यांनी काय काय केलं ते पाहावं लागतं. एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रेलियात सर्पदंशावरचे उपचार पाहिले की वाटतं, रोग्याने सापाकडे परत जावं. बोटाला दंश झाला तर कुऱ्हाडीने बोट तोडत. जखम चिरत, चोखत, तिच्यावर बंदुकीची दारू पसरून पेटवत. पोटात ब्रँडी किंवा व्हिस्की एवढी ओतत, की रोगी दगावला तर सापाने मेला की बाटलीने, हे सांगणं अवघड व्हावं. रोगी झोपला तर मरेल या समजुतीने त्याला दोन माणसं दोन बाजूंनी धरून तासन्‌तास चालवत, चापट्या मारत, विजेचे झटके देत. गावोगावच्या जत्रांत सापांचे खेळ करणारे फिरस्ते आपला रामबाण उतारा विकत, आणि त्यांच्यातले काही पुढे सापाच्याच दंशाने जात. उताऱ्याच्या बाटल्या मात्र मागे उरत. विद्वानही मागे नव्हते. मेलबर्न विद्यापीठाच्या वैद्यकशाखेचे पहिले प्राध्यापक जॉर्ज हॅलफर्ड यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस शिरेतून अमोनिया टोचण्याची पद्धत काढली. वसाहतीत वाहवा झाली. तिकडे कलकत्त्यात जोसेफ फेअरर यांनी आपल्याकडच्या सापांच्या विषावर ती तपासली, तर उपयोग शून्य. पुढे व्हिक्टोरियातल्या यॅकनडँडा गावचे डॉक्टर ऑगस्टस म्यूलर यांनी स्ट्रिक्निन टोचायला सुरुवात केली. स्ट्रिक्निन म्हणजे काजऱ्याच्या बियांतलं विष, ज्याने उंदीर आणि भटकी कुत्री मारत. तर्क असा, की सापाचं विष मज्जातंतू मंद करतं, स्ट्रिक्निन त्यांना चेतवतं, दोघांची वजाबाकी झाली की रोगी बरा. वजाबाकी कधी जमे, कधी रोगी हातचा जाई. यांतल्या कित्येक रोग्यांच्या अंगात विष उतरलंच नव्हतं, कारण साप पुष्कळदा कोरडा दंश करतो. ते सगळे त्या त्या उपचाराच्या यशात जमा झाले. मंत्र घालणाऱ्या आपल्या देवऋषींचं खातंही याच हिशेबावर चालतं.

या सगळ्या धावपळीवर पडदा पाडला तो स्ट्रुअन सदरलँड यांनी. मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या डॉक्टरांनी माकडांवर प्रयोग करून १९७९ साली लॅन्सेट या नियतकालिकात मांडलं, की ऑस्ट्रेलियन सापांचं विष दंशाच्या जागेवरून पसरतं ते मुख्यतः लसीका वाहिन्यांतून. हृदय जसं रक्त ढकलतं तसं लसीकेला ढकलणारं कोणी नसतं. ती सरकते स्नायूंच्या हालचालीने. माणूस चालला की त्याच्या पोटऱ्या हापशासारख्या वरखाली होतात आणि विष वर चढतं. म्हणजे रोग्याला झोपू न देता अंगणात फेऱ्या मारायला लावणारे लोक रात्रभर हापसा मारत होते. सदरलँड यांचा उपाय असा, की त्या अवयवावर रुंद लवचीक पट्टी गुंडाळायची, बोटांपासून वर सगळा पाय किंवा हात झाकेपर्यंत, मुरगळलेल्या पायाला बांधतात तेवढी घट्ट; वर फळी बांधून अवयव हलू द्यायचा नाही; आणि रोग्याने आडवं पडून राहायचं. करकचून दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. जखम धुवायचीही नाही, कारण कातडीवर राहिलेल्या विषाच्या थेंबावरून रुग्णालयात सापाचा गट ओळखता येतो. दंशाची जागा पट्टीवर पेनने खूण करून ठेवायची. साप पकडून किंवा मारून पुरावा म्हणून नेण्याचीही गरज नाही. तिथे काही पट्ट्यांवर आयत छापलेले असतात, आणि पट्टी योग्य तेवढी ताणली की आयताचा चौरस होतो. घाबरलेल्या माणसाला भूमितीवर सोपवायची ही युक्ती मला फार आवडते. पट्टी बांधल्यावर रोग्याचं काम उरतं एकच: हलू नये. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात रोग्याकडून एवढी कमी अपेक्षा क्वचितच केली गेली असेल, आणि ती पुरी करणं त्याला एवढं जड क्वचितच गेलं असेल.

इथे जाणकार हरकत घेईल. आळसाचं कौतुक पुरे; जीव वाचवतं ते प्रतिविष. खरं आहे, आणि प्रतिविष काही स्वस्थ बसून मिळालं नाही. टायगर स्नेकवरचं प्रतिविष १९३० साली आलं. तायपानवरचं करायला जिवंत तायपान हवा होता. जुलै १९५० मध्ये केर्न्स गावाजवळ केव्हिन बडन या वीस वर्षांच्या तरुणाने तो हातांनी पकडला, पिशवीत घालताना दंश झाला, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. साप मारू नका, मेलबर्नला पाठवा, असा त्याने आग्रह धरला होता. साप पोचला, निसर्गतज्ज्ञ डेव्हिड फ्ले यांनी त्याचं विष काढलं, आणि १९५५ साली तायपानचं प्रतिविष तयार झालं. या माणसापुढे माझा आळसाचा सिद्धांत टोपी काढून उभा राहतो. पण हरकतीचं उत्तर तरीही देता येतं. प्रतिविष रुग्णालयात असतं आणि रोगी कुंपणापाशी. २००५ ते २०१५ या दहा वर्षांत तिथल्या सर्पदंश प्रकल्पाने दीड हजारांवर संशयित रुग्णांची नोंद केली. त्यांतल्या ८३५ जणांच्या अंगात विष उतरलेलं होतं आणि २३ जण दगावले. तपकिरी सापाचं विष रक्त गोठवणारे घटक खर्च करून टाकतं आणि काही वेळा दंशानंतर थोड्याच वेळात माणूस कोसळतो, रुग्णालय दिसायच्या आधीच. दंशाची जागा सुजत नाही, फारशी दुखतही नाही, त्यामुळे काही झालं नाही असं समजून गडी गाडी चालवत निघतो. हे मधलं अंतर काढायला पट्टी आणि स्तब्धता याशिवाय दुसरं साधन नाही. प्रतिविष हा उपचार आहे. तो होईपर्यंत माणूस शिल्लक ठेवणं हे आळसाचं काम.

आणि प्रतिविष येतं कुठून? घोड्यांपासून. घोड्याला विषाची अगदी थोडी थोडी मात्रा देत राहायचं, त्याच्या रक्तात विषाला मारणारी प्रतिद्रव्यं तयार होतात, ती काढून शुद्ध करायची. आता घोड्याचा दुसरा हिशेब पाहा. २००० ते २०१३ या काळातल्या ऑस्ट्रेलियातल्या मृत्यूंची पाहणी झाली, तेव्हा सापांच्या नावावर २७ मृत्यू निघाले, मधमाश्या-गांधीलमाश्यांच्या नावावरही तेवढेच, आणि घोड्यांच्या नावावर ७४. म्हणजे सापापासून वाचवणारा प्राणी सापापेक्षा जास्त माणसं मारतो. पण घोड्याला पाहून कोणी किंचाळत नाही. उलट त्याच्यावर बसून फोटो काढून घेतात. भीती आकड्यांवर चालत नाही, ती दिसण्यावर चालते, आणि सापाचं दिसणं त्याच्या विरोधात गेलेलं आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप अजून बाकी आहे. ऑस्ट्रेलिया म्हणजे पंचवीस महाराष्ट्र मावतील एवढी जमीन, आणि माणसं मुंबईच्या आसपास राहतात तेवढी. पायात बूट, शेतात ट्रॅक्टरची बंद केबिन, आणि दुर्गम भागात १९२८ पासून विमानाने येणारे डॉक्टर. एवढं असल्यावर स्वस्थ बसायला काय जातं? भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांतली बहुतेक खेड्यातली, आणि निम्म्याच्या आसपास पावसाळ्यातली. भातलावणीला अनवाणी उतरणाऱ्या बाईला, ऊस तोडणाऱ्याला, किंवा कृषिपंपाची वीज रात्रीच येते म्हणून मध्यरात्री बांधावरून मोटर चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला काहीही करू नका हा सल्ला देणं म्हणजे थट्टाच. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ५८,००० हा आकडा माणसांच्या घाईचा नाही, तो गरिबीचा, अंधाराचा आणि अंतराचा आहे. ऑस्ट्रेलियन माणूस आपल्यापेक्षा शहाणा नाही. त्याचा आळस परवडणारा आहे, कारण त्याच्या मागे रस्ता, बूट आणि रुग्णवाहिका उभी आहे.

तरीही त्या आळसातला एक भाग फुकट आहे, आणि तो आपल्याकडेही लागू पडतो. दंशानंतर जखम चिरायची नाही, दोरी आवळायची नाही, देवऋषीकडे जाऊन दोन तास घालवायचे नाहीत, रोग्याला चालवायचं नाही, आणि सापाच्या मागे काठी घेऊन आणखी एका माणसाला पाठवायचं नाही, कारण तो दुसरा रोगी होऊन परत येतो. एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. ऑस्ट्रेलियात घोणस-फुरशांच्या कुळातला एकही साप नाही. तिथले जमिनीवरचे सगळे घातक साप आपल्या नाग-मण्यारांच्या भाऊबंदांपैकी आहेत. घोणस आणि फुरसं यांचं विष दंशाच्या जागीच मांस सडवतं, आणि घट्ट पट्टीने ते तिथेच कोंडलं तर हात-पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे ऑस्ट्रेलियन पट्टी आपल्याकडे सरसकट बांधायची नाही. अवयव फळीने स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठायचं. या चार सापांवरचं एकत्रित प्रतिविष आपल्याकडे मुंबईची हाफकिनसारखी संस्था फार वर्षांपासून बनवते आहे. नागपंचमीला दूध पाजून उरलेलं वर्ष सापाच्या वाटेला जाण्यापेक्षा वर्षभर त्याच्याकडे दुर्लक्ष करणं त्याला जास्त मानवतं. दूध तर त्याला पचतही नाही.

लहान मुलं आणि कुत्री यांचं काय, हा प्रश्न उरतो, कारण या दोघांना आळस शिकवता येत नाही. कुत्र्यांना तिथे खरोखरच फार दंश होतात. कुत्रा म्हणजे शेपटी असलेला फावडेवाला. इथे मात्र आधी थोडं काम करावं लागतं, म्हणजे पुढे स्वस्थ बसता येतं. गवत कापा, लाकडाचा ढीग घरापासून लांब ठेवा, पत्रे उचला, कोंबड्यांचं दाणापाणी उघडं टाकू नका. उंदीर गेले की सापाचं येणंजाणं कमी होतं. याऐवजी पुष्कळ जण बाजारातून सौरऊर्जेवर जमिनीत कंप सोडणारे खुंटे आणतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. साप सुखाने त्यांच्या शेजारी ऊन खात पडलेले आढळतात. आवाजाचा थोडा उपयोग असेल, असं मानायला जागा आहे: २०२३ साली क्वीन्सलँडमधल्या संशोधकांनी १९ सापांना वेगवेगळे आवाज ऐकवले, तेव्हा साप बहिरे नसतात हे स्पष्ट झालं आणि तायपान, तपकिरी साप वगैरे आवाजापासून दूर सरकताना दिसले. म्हणजे फिरायला जाताना मोठमोठ्याने बोलत जाणं हे शास्त्रसंमत आहे, आणि या बाबतीत मराठी पर्यटक आधीपासूनच सुरक्षित होते. टास्मानिया बेटावर तर ओळखण्याचीही कटकट नाही. तिथे सापांच्या तीनच जाती आहेत आणि तिन्ही विषारी.

तेव्हा या वर्षी मुलांकडे मेलबर्न-सिडनीला जाणाऱ्या आईबाबांनी गरम मसाल्याच्या पाकिटांत एक पंधरा सेंटिमीटर रुंदीची लवचीक पट्टीही ठेवावी, किंवा उतरल्यावर तिथल्या औषधाच्या दुकानातून दोन-तीन घ्याव्यात. मसाला विमानतळावर कदाचित काढून घेतील, पट्टी कोणी घेणार नाही. साधारण सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत गवतात चपला घालून जाऊ नये, बंद बूट आणि जाड पँट घालावी. तपकिरी सापाचे दात जेमतेम तीन मिलिमीटरचे असतात. साप दिसला तर थांबावं, त्याला जाऊ द्यावं, फोटोसाठी जवळ जाऊ नये आणि नातवाला दाखवायला उचलून धरू नये. आणि दंश झालाच तर जिथे असाल तिथेच आडवं पडून दुसऱ्या कोणाला तरी फोन करायला सांगा. तिथे क्रमांक ०००, महाराष्ट्रात १०८.